हैदराबादचं घर आणि बल्लारपूरची बहीण

राजुरा, बल्लारपूर, अहेरी, सिरोंचा. या गावांतल्या मुसलमान मोहल्ल्यांत थोडी विचारपूस केली, की परराज्यात वडिलोपार्जित घर असलेली दोन-चार कुटुंबं हमखास सापडतात. कुणाचं हैदराबादच्या जुन्या शहरात, कुणाचं आदिलाबाद किंवा आसिफाबादला. पेपर मिल आणि कोळसा खाणींच्या नोकरीनिमित्त आलेल्यांचं उत्तर प्रदेशात. त्या घराचं पुढे काय झालं असं विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. “कोर्टात आहे. भाईजान बघतात.”

कोर्ट कुठलं, दावा कोणी लावला, पुढची तारीख कधी, घर वक्फ आहे की मालकीचं, हे विचारलं की बोलणं थांबतं. आणि घरातल्या बहिणीला विचारलं तर तिला यातलं काहीच माहीत नसतं. तिला एवढंच सांगितलेलं असतं की मामला दूरचा आहे, खर्चाचा आहे, बायकांच्या आवाक्यातला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. परराज्यातलं कोर्ट ही अडचण आहे, पण ती आपण सांगतो तेवढी मोठी नाही. तिच्यापेक्षा मोठी अडचण आपल्या घरात आहे आणि ती झाकायला कोर्टाचं अंतर आपल्याला सोयीचं पडतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे लोक माझ्याकडे जुने उर्दू कागद वाचून घ्यायला येतात. आपल्या भागात असे कागद का सापडतात, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. राजुरा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्यात, आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. सिरोंचा निजामाकडून इंग्रजांकडे गेला तो १८६० मध्ये. सरहद्द बदलत राहिली, पण नातीगोती होती तिथेच राहिली. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा रेल्वे पूर्ण झाली आणि हैदराबाद आणखी जवळ आलं. आजही सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीला जायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. तेलंगणा मात्र नदीपलीकडे दिसतो. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यं अजून हक्क सांगतात. ‘परराज्य’ हा शब्द आपल्या भागात असा सैल आहे.

तर हे कागद. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोर्ट-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. वक्फनामा, हिबानामा, बैनामा, सगळं उर्दूत आणि बऱ्याचदा शिकस्ता म्हणजे घाईच्या मोडक्या वळणात. तारीख फसली सनातली. फसली १३५० म्हणजे इसवी सन १९४०-४१, साधारण ५९० मिळवायचे. रक्कम हाली सिक्क्यात, आणि कधी आकड्यांऐवजी सियाक चिन्हांत. आजचे तरुण वकील, मग ते चंद्रपूरचे असोत की हैदराबादचे, यातलं फारसं वाचू शकत नाहीत. ते भाषांतरावर अवलंबून असतात आणि भाषांतरावर हिस्से ठरतात.

एका शब्दाचं उदाहरण देतो. कौटुंबिक वक्फाच्या कागदात नेहमी येणारा शब्द म्हणजे ‘औलाद’. घराचं उत्पन्न औलादीला, ‘नसलन बाद नसलिन’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मिळावं, असं लिहिलेलं असतं. औलाद म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही. अरबीतही तेच, उर्दूतही तेच. फक्त मुलग्यांनाच द्यायचं असेल तर कागद लिहिणारा मुन्शी ‘औलाद-ए-ज़ुकूर’ लिहायचा, मुलींचा वेगळा उल्लेख करायचा तर ‘औलाद-ए-इनास’. हे मुन्शी आपल्या कामात पक्के होते. आता ‘औलाद’चं मराठी भाषांतर कुणी ‘मुले’ असं केलं की गोंधळ सुरू. मराठीत ‘मुले’ म्हणजे मुलगे-मुली दोन्हीही होतात आणि ‘मुले व मुली’ म्हटलं की नुसते मुलगेही होतात. वाचणाऱ्याला जे हवं ते तो वाचतो. बल्लारपूरच्या एका बाईने असाच एक कागद माझ्यापुढे ठेवला होता. सोबतच्या भाषांतरात ‘मुलगे’ लिहिलं होतं. मूळ कागदात साधं ‘औलाद’ होतं, ज़ुकूर कुठेही नव्हतं. तिच्या वडिलांच्या वडिलांनी आपल्या नातींना वगळलं नव्हतं. वगळलं ते मधल्या कुणाच्या तरी लेखणीने. म्हणून माझा पहिला आग्रह असा की उर्दू कागद कोर्टात देण्याआधी दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून वाचून घ्या, आणि भाषांतरात मूळ शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ पुढे लिहायला लावा.

आता वक्फाचा मुद्दा. आपल्याकडे ‘फॅमिली ट्रस्ट’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा वक्फ-अलल-औलाद असतं. मालमत्ता अल्लाहच्या नावे बांधायची, तिचं उत्पन्न वंशजांना द्यायचं आणि वंश संपला तर ते गरिबांसाठी किंवा धर्मकार्यासाठी जावं, अशी ही व्यवस्था. इंग्रजी अमलात तिच्यावर मोठं संकट आलं होतं. १८९४ मध्ये अबुल फता विरुद्ध रसमय धर चौधरी या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा वक्फ अवैध ठरवला. गरिबांचा वाटा त्यात नाममात्र आहे, हे कारण दिलं. मुसलमानांत नाराजी पसरली. मौलाना शिबली नोमानींनी त्यासाठी मोहीम चालवली. मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय कौन्सिलात बसलेल्या बॅरिस्टर जिनांनी विधेयक आणलं आणि १९१३ मध्ये मुसलमान वक्फ वैधीकरण कायदा झाला. १९३० च्या कायद्याने तो आधीच्या वक्फांनाही लागू केला.

हे सगळं सांगायचं कारण असं की जी सोय आपल्या वाडवडिलांनी भांडून मिळवली, तिचा आपण काय उपयोग केला ते पाहावं. वक्फ-अलल-औलादचा हेतू घर विकलं जाऊ नये, सावकाराच्या घशात जाऊ नये आणि सगळ्या वंशजांना आधार राहावा, हा होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुतवल्ली झालेला भाऊ किंवा चुलता घराचा मालक होऊन बसला. भाडं तोच घेतो, हिशेब कुणाला देत नाही. याहून वाईट प्रकारही मी पाहतो. बहिणीने हिस्सा मागितला की घर वक्फ असतं, आणि बिल्डर आला की तेच घर मालकीचं होतं.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. घर वक्फ असेल तर त्याची वाटणी होत नाही हे बरोबर, पण मग उत्पन्नावर कागदात लिहिलेल्या सगळ्यांचा हक्क आहे आणि मुतवल्ली हा रखवालदार आहे, मालक नाही. वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, गहाण हे २०१३ च्या दुरुस्तीनंतर मुळातूनच बेकायदा आहे. आणि घर वक्फ नसेल तर ते तरका आहे. तरक्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा मरण पावल्याच्या क्षणीच ठरतो. कोर्ट तो हिस्सा देत नाही, फक्त वेगळा काढून हातात देतं.

इथे आणखी एक गैरसमज आहे. आपल्यातले पुष्कळ लोक मोठ्या भावाला हिंदू एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखं समजतात. मुस्लिम कायद्यात कर्ता नाही. थोरल्याला धाकट्यांच्या किंवा बहिणींच्या हिश्शावर सही करण्याचा कसलाही अधिकार नाही. त्याने सगळं घर विकलं तरी विकला जातो तो त्याचा हिस्सा. समजा एक माणूस वारला. आईवडील आधीच गेलेले. मागे बायको, दोन मुलगे आणि दोन मुली. घर अठ्ठेचाळीस लाखांचं. सुन्नी हिशेबाने बायकोचा आठवा भाग, ६ लाख. उरलेल्यातून मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे मुलांना १४-१४ लाख आणि मुलींना ७-७ लाख. इतकं सोपं गणित आहे. सातवीच्या वर्गात हे फळ्यावर मांडता येईल. सूरह निसामध्ये हे हिस्से नावानिशी ठरवून दिले आहेत. नमाजाच्या रकातींत कुणी आपल्या मर्जीने कमी-जास्त करत नाही. इथे मात्र करतो.

“बहिणीने माफ केलं” हे वाक्य मी खूप वेळा ऐकलं आहे. कधी माफ केलं? बापाच्या हयातीतच, लग्नाच्या वेळी तिला सांगून टाकलं होतं, असं उत्तर येतं. वारसा अजून मिळालेलाच नाही तर त्याची माफी कसली? कायदाही हेच म्हणतो. भविष्यात मिळू शकणाऱ्या वारशाची नुसती आशा ही देण्याघेण्याची वस्तू होत नाही. एक सावधगिरी मात्र सांगतो. १९७३ च्या अहवालात छापलेल्या गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, एखाद्याने मोबदला घेऊन आपला पुढचा हिस्सा सोडल्याचं मान्य केलं असेल तर त्याला नंतर उलटता येणार नाही. म्हणून बहिणींनो, पन्नास हजार रुपये देऊन पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी तो कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि बाप गेल्यानंतरचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. चाळिसाव्याच्या जेवणानंतर कोऱ्या कागदावर घेतलेली सही म्हणजे हक्कसोड नव्हे.

आता कोर्टाकडे येऊ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ सांगतं की स्थावर मालमत्तेचा दावा जिथे मालमत्ता, तिथल्या कोर्टात. म्हणजे हैदराबादच्या घराचा दावा हैदराबादलाच. चंद्रपूरच्या कोर्टात तो चालणार नाही. पण कलम १७ ही एक वाट ठेवतं. मालमत्ता दोन कोर्टांच्या हद्दीत असतील तर दावा त्यातल्या कुठल्याही एका कोर्टात लावता येतो. एकाच माणसाच्या तरक्यात राजुऱ्याचा प्लॉट आणि हैदराबादचं घर असेल आणि दोन्हींच्या वाटणीचं कारण एकच असेल, तर इथल्या कोर्टाचा विचार करता येतो. मात्र कारण खरोखर एक हवं. २०१९ मध्ये शिवनारायण विरुद्ध माणिकलाल या खटल्यात इंदूरच्या कोर्टात इंदूरची आणि मुंबईची मालमत्ता एकत्र आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मान्य केलं, पण दोन्ही मालमत्तांविषयीचा वाद वेगवेगळा होता म्हणून मुंबईची मालमत्ता त्या दाव्यातून बाहेरच राहिली. हैदराबादचं घर वक्फ आणि राजुऱ्याचा प्लॉट मालकीचा, असं असेल तर ही वाट बंद समजा. वक्फाचा वाद वक्फ न्यायाधिकरणात जातो, आणि नोंद जिथे मालमत्ता तिथल्या बोर्डात. तेलंगणाच्या घराची माहिती महाराष्ट्र वक्फ बोर्डात शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

बँकेतली ठेव, शेअर, येणी यांची गोष्ट वेगळी. त्यांचं वारसा प्रमाणपत्र मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या जिल्हा न्यायालयातून मिळतं आणि ते देशभर चालतं. बाप चंद्रपूरला राहत होता आणि खातं हैदराबादच्या बँकेत होतं, तर हैदराबादला जायची गरज नाही. पण याच प्रमाणपत्रावर घर नावावर होईल असं समजू नका. ते स्थावरासाठी नसतं.

उत्तर प्रदेशात घरासोबत शेतजमीन असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. घर शरियतप्रमाणे वाटलं जाईल, पण तिथली शेतजमीन त्या राज्याच्या महसूल संहितेप्रमाणे जाते, आणि त्यात विवाहित मुलीचा क्रम मुलाच्या आणि अविवाहित मुलीच्या खाली आहे. एकाच बापाची एकच मुलगी, घरात वारस आणि शेतात जवळजवळ परकी. मुस्लिम संघटनांच्या मेळाव्यात मी यावर फारसं भाषण ऐकलेलं नाही.

मुख्त्यारनाम्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. तारखेला जाता येत नाही म्हणून लोक भावाला किंवा पुतण्याला मुख्त्यार करतात. त्यात गैर काही नाही. त्यासाठी हैदराबादला जावंही लागत नाही. आपण राहतो तिथल्या दुय्यम निबंधकापुढे मुख्त्यारनामा प्रमाणित करून घेता येतो. पण तो कशासाठी आहे ते लिहा. फक्त दावा चालवण्यासाठी, वकील नेमण्यासाठी, कागद दाखल करण्यासाठी. ‘विकण्याचा, तडजोड करण्याचा, पैसे घेण्याचा अधिकार’ हे शब्द छापील नमुन्यात आधीच असतात; नको असतील तर काट मारून सही करा. दुसरं, मुख्त्यारनामा देणारा वारला की त्याचा जोर संपतो. अम्मीच्या मुख्त्यारनाम्यावर अम्मीच्या मागे घर विकता येत नाही. तिसरं, २००५ च्या अहवालात छापलेल्या जानकी भोजवानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की, जी गोष्ट मालकाला स्वतःला माहीत आहे तिची साक्ष मुख्त्यार देऊ शकत नाही. म्हणजे बापाने हिबा खरंच केला होता का, घराचा ताबा दिला होता का, हे तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं तुम्हालाच सांगावं लागेल.

मग साक्षीला जायचं कसं? बल्लारशा ते सिकंदराबाद रेल्वेने साडेतीनशे किलोमीटरहून थोडं जास्त. साक्षीदाराला किती दुरून बोलवायचं याला कायद्यात मर्यादा आहे. रेल्वेची सोय असेल तर ती पाचशे किलोमीटर आहे. म्हणजे आपण मर्यादेच्या आत येतो, कोर्ट बोलावू शकतं. पण म्हातारी, आजारी माणसं असतील तर आयुक्त नेमून त्यांच्या गावी साक्ष घेण्याची सोय संहितेत पूर्वीपासून आहे. सरतपासणी शपथपत्रावर होते. व्हिडिओवरून साक्ष घेता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मुंबईच्याच एका डॉक्टरच्या खटल्यात, महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई, मान्य केलं आहे. कोविडनंतर तर कोर्टांना त्याची सवय झाली. मागितल्याशिवाय मात्र यातलं काही मिळत नाही. वकिलाला लेखी अर्ज करायला सांगावं लागतं.

तारीख कळत नाही, ही तक्रारही आता खरी नाही. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख, मागचे आदेश सगळं मोबाइलवर दिसतं. भाईजानकडे दुसरं काही मागू नका, फक्त तो क्रमांक मागा. तो द्यायला कां-कूं झाली तर काय समजायचं ते समजा. तेलंगणात घरावर विक्री, गहाण यांच्या काय नोंदी झाल्या आहेत ते दाखवणारं ईसी ऑनलाइन काढता येतं. तेही काढा.

आणि खर्च. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे आणि परराज्यातल्या खटल्यासाठीही मदत मागता येते. हे आपल्या किती बहिणींना माहीत आहे? मशिदीच्या फलकावर सेहरी-इफ्तारच्या वेळा लागतात. त्याच फलकावर हा क्रमांक का लागू नये?

आता मी जे म्हणणार आहे ते काही मित्रांना आवडणार नाही. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याला माझा विरोध आहे. वक्फ बोर्डांवर गैरमुस्लिम सदस्य, वापरातून झालेल्या वक्फाची मान्यता काढणं, यामागचा हेतू मला स्वच्छ वाटत नाही. पण त्याच कायद्यात एक कलम आहे की वक्फ-अलल-औलाद करताना वारसांचा, विशेषतः स्त्रियांचा वारसाहक्क डावलला जाता कामा नये. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना स्थगिती दिली. या तरतुदीला नाही. ही तरतूद वक्फ निर्माण करण्याविषयी आहे, त्यामुळे जुन्या वक्फनाम्यांत आपोआप हिस्से उगवतील असं कुणी समजू नये. पण ती वाचून मला राग आला नाही, शरम वाटली. जे कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वी लिहून दिलं ते सांगायला सरकारला कायदा करावा लागला, आणि आपल्याला त्याचं उत्तर देता आलं नाही. आपण आपल्या मुलींना हिस्सा देत असतो तर हे कलम लिहायला कुणाला निमित्त मिळालं नसतं.

“हा आमच्या घरचा मामला आहे, बाहेर कशाला न्यायचा?” असं विचारणाऱ्यांनी मोठ्या घराण्यांकडे पाहावं. रामपूरचे नवाब रझा अली खान १९६६ मध्ये वारले. सगळी मालमत्ता गादीबरोबर थोरल्याकडे जाते की शरियतप्रमाणे सर्व वारसांत वाटली जाते, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१९ ला निकाली काढला. त्रेपन्न वर्षं. निकाल काय, तर हिस्से शरियतप्रमाणे, मुलींसह सगळ्यांना. जे पहिल्या दिवशी मुफ्तीने अर्ध्या तासात सांगितलं असतं तेच. निजामाचे १९४८ मध्ये लंडनच्या बँकेत गेलेले दहा लाख पौंडही २०१९ च्याच ऑक्टोबरात मोकळे झाले, तोवर ते साडेतीन कोटी पौंड झाले होते आणि निजाम जाऊन पन्नास वर्षं उलटली होती. नवाबांकडे वकिलांना द्यायला पैसा होता. आपल्याकडे तोही नाही. आपल्या त्रेपन्न वर्षांत छत पडतं, भाडेकरू मालक होतात आणि बहिणी कबरीत जातात. त्यानंतर त्यांची मुलं एकमेकांना ओळखत नाहीत.

बहिणींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. माहेर तुटेल, ही त्यांची भीती खरी आहे. तलाक झाला, नवरा गेला, तर परतायला तेच दार असतं. म्हणून त्या गप्प बसतात. पण ज्या दारात उभं राहायची किंमत सात लाखांचा हिस्सा असेल, ते दार उघडं आहे असं कसं म्हणायचं? आणि भावांनो, बहिणीचा हिस्सा दिल्याने माहेर तुटत नाही. तिला कागद दाखवायला नकार दिला की तुटतं. उशीर हेही एक हत्यार आहे. सहवारसांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांचाच ताबा मानला जातो, हे खरं. पण “तुझा इथे काही हक्क नाही” असं उघडपणे म्हटल्यापासून बारा वर्षांची मुदत मोजली जाऊ शकते. त्यामुळे “बघू, इतकी घाई काय” म्हणत वर्षं काढणारा भाऊ नेहमी भोळा असतोच असं नाही.

करायचं काय? मला मोठ्या परिषदा नकोत. प्रत्येक जमातीने एवढं ठरवावं की कुणी वारलं की चाळिसाव्याच्या आत मुलगे, मुली, बेवा सगळ्यांसमोर मिरासीची यादी करायची. कुठलं घर कुठे आहे, कागद कुणाकडे आहे, वक्फ आहे की मालकीचं, दावा असेल तर क्रमांक काय. एक पान पुरेल. त्याची प्रत प्रत्येक वारसाला, मुलींना आधी. तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य जागेतून आला तर कोर्ट तो खरा असल्याचं गृहीत धरू शकतं. म्हणून कागद कुणाच्या ताब्यातून कुणाकडे आला हेही त्या पानावर लिहावं. दुसरं, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या उर्दू शिक्षकांनी महिन्यातून एक रविवार जुने कागद वाचून द्यायला बसावं, फी न घेता. आपण मुलांना गालिब शिकवतो. त्यांच्या दादीचा वक्फनामाही वाचून द्यायला हवा. शिकस्ता वाचणारे आता थोडे उरले आहेत. ते गेले की हे कागद फक्त भाषांतर करणाऱ्याच्या मर्जीवर राहतील.

तिसरं काम सगळ्यात अवघड आणि ते घरातलं आहे. पुढच्या वेळी “हैदराबादचं घर कोर्टात आहे” असं कुणी म्हटलं की मोठ्या भावाकडे नाही, बहिणीकडे वळून विचारा, “आपा, तुमच्याकडे खटल्याचा क्रमांक आहे?” नसेल तर तो तिला त्याच बैठकीत मिळाला पाहिजे.